फरशी वाळेपर्यंत

आमच्या इचलकरंजीत मागांचा आवाज थांबला की माणसं दचकून जागी होतात. वीज गेली, एवढाच त्याचा अर्थ. पण जन्मापासून त्या खडखडाटात झोपलेल्या मला न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थला शिकायला आल्यावर पहिले पंधरा दिवस डोळाच लागेना. लाकडी घरं, मोठ्ठं आभाळ, सायकलवरून जाणारी पोरं, आणि संध्याकाळी सहानंतर अख्ख्या गल्लीत चिटपाखरू नाही. मग मी मिस व्हर्नेलच्या घरी राहायला गेले आणि पहिल्याच पहाटे भिंतीपलीकडून पावलं ऐकू आली. चार पावलं, थांबणं, एक वाक्य. पुन्हा चार पावलं, तेच वाक्य, पण आता दुसऱ्याच बाईच्या आवाजात. मागाच्या धोट्यासारखं ते इकडून तिकडे चाललं होतं. मी कूस बदलली आणि साडेआठपर्यंत झोपले. माझं त्या दिवशीचं पहिलं लेक्चर बुडालं, याचं मला आजही वाईट वाटत नाही.

खोलीची जाहिरात विद्यापीठाच्या फलकावर लागली होती. ‘शांत विद्यार्थिनी हवी. मोठ्यानं वाचता आलं पाहिजे.’ मला वाटलं, बाई आंधळी असणार. दार उघडलं तर समोर साडेपाच फुटांहून उंच, कापलेल्या चंदेरी केसांची, काळीभोर बाई. पायात लोकरीचे मोजे आणि त्यावर जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी सपाता. हाताला पीठ. खरं सांगते, तोवर मी अमेरिकेतलं काळं माणूस समोरासमोर पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आपला हात माझ्या हाताशेजारी धरला आणि म्हणाल्या, “जमेल.” घरी मला लहानपणापासून ‘काळी’ म्हणायचे. त्या एका शब्दानं मला जेवढं बरं वाटलं, तेवढं कुठल्या क्रीमनं वाटलं नव्हतं.

न्यूझीलंडमध्ये सगळे सगळ्यांना नावानं हाक मारतात, अगदी प्राध्यापकांनासुद्धा. माझी जीभ वळायची नाही. मिस व्हर्नेलनी पहिल्याच दिवशी सोडवलं. “आमच्या मिसिसिपीत मोठ्या बाईला नुसत्या नावानं कुणी हाक मारत नाही. मार खाशील. मिस लावायचं.” मी म्हटलं, आमच्याकडे ताई लावतात, काकू लावतात. “मग आपण दोघी नीट वाढवलेल्या पोरी आहोत,” त्या म्हणाल्या. त्या सत्तरीच्या आणि मी चोवीस वर्षांची, पण आपापल्या घरातल्या कॉलेजात गेलेल्या पहिल्या मुली आम्ही दोघीही होतो. त्यांच्या आईनं पदवीदानाचा झगा तीनदा इस्त्री केला होता. माझा बीएस्सीचा निकाल लागला तेव्हा आईनं वॉर्डात पेढे वाटले होते. एरवी ती लोकांकडून पेढे घ्यायची, त्या दिवशी द्यायला निघाली. हे मी मिस व्हर्नेलना सांगितलं होतं. वॉर्डात आई काय करायची, ते मात्र मी वेगळं सांगितलं होतं. त्यावर येतेच.

स्वयंपाकघरात आमचं पहिल्या आठवड्यातच जमलं. त्यांनी एक दिवस चवळी शिजत घातली. मला वाटलं, माझ्यासाठीच. तर त्यांच्याकडे वर्षाच्या पहिल्या दिवशी चवळी खाल्लीच पाहिजे, आणि आवडली तर वर्षभर. त्या त्यात कांदा आणि धुरावलेलं डुकराचं मांस घालत, मी फोडणी, गूळ, गोडा मसाला. एकाच डब्यातली चवळी दोन भांड्यांत शिजायची आणि दोघींनी दोन्ही खायच्या. मक्याच्या पिठाचा त्यांचा ब्रेड मी चुरून ताकात खाल्ला, तेव्हा त्या खुर्चीतून उठल्याच. “हे तुला कुणी शिकवलं? माझे वडील असंच खायचे.” मी फूड टेक्नॉलॉजीची विद्यार्थिनी, दिवसभर प्रयोगशाळेत दुधाची पावडर तपासायची. पण खरं सांगायचं तर अन्नाबद्दल मी जे शिकले ते त्या गळक्या नळाच्या स्वयंपाकघरात.

मोठ्यानं वाचायचं म्हणजे काय, तेही कळलं. मिस व्हर्नेल नाटककार होत्या आणि आपली नाटकं एकट्याच करायच्या. मी संहिता हातात धरून बसायचं आणि त्या अडल्या की पुढचा शब्द द्यायचा. दम घ्यायला थांबल्या की आपली गोष्ट सांगायच्या, तुकड्या-तुकड्यानं. पाच वर्षांच्या असताना चर्चमध्ये ईस्टरचं भाषण पाठ म्हटलं, आणि नंतर घरी येऊन ते ऐकणाऱ्या सगळ्या बायकांच्या नकला केल्या. आजी हसली, आईनं चापट मारली. “म्हणजे एकाच दिवशी प्रेक्षकही मिळाले आणि समीक्षकही.” पुढे शिष्यवृत्तीवर काळ्यांच्या कॉलेजात गेल्या, तिथून शिकागोला. नाटक कंपनीत काम मिळालं ते मोलकरणीचं. हातात ट्रे घेऊन यायचं, ‘येस मॅम’ म्हणायचं आणि जायचं. नाटक बदललं, कंपनी बदलली, ट्रे तोच. “माझ्या आईनं आयुष्यभर गोऱ्यांच्या घरी काम केलं, पण तिनं उचलले नसतील इतके ट्रे मी रंगमंचावर उचलले,” त्या म्हणायच्या. एके दिवशी ट्रे खाली ठेवला आणि स्वतःच लिहायला बसल्या. त्यांची आई गावातल्या लाँड्रीत इस्त्री करायची. तिथल्या सहा बायकांचं नाटक झालं. मंचावर सहा खुर्च्या, प्रत्येकीवर एक वस्तू: टोपी, ॲप्रन, हातपिशवी, असं. त्या वस्तूला हात लावला की मिस व्हर्नेल ती बाई व्हायच्या. जुनी व्हॅन घेऊन चर्चच्या तळघरांतून, कॉलेजांतून, तुरुंगांतून त्यांनी ते वर्षानुवर्षं केलं. एका महोत्सवासाठी वेलिंग्टनला आल्या, तिथे दिवे लावणाऱ्या ग्रॅहॅमनं त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड टाकला, की लग्न करून राहिल्याच. मी गेले तेव्हा ग्रॅहॅम वारले होते. त्यांचा एक दिवा दिवाणखान्यात होता, त्यावर आम्ही मोजे वाळवायचो.

त्यांचा एक नियम होता. कुणाचीही गोष्ट मंचावर नेण्याआधी त्या माणसासमोर बसून त्याला त्याचा भाग वाचून दाखवायचा. नको म्हणाला तर कागद तिथेच फाडायचा. हा नियम का, ते त्यांनी तेव्हा सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी त्यांनी ठरवलं की हे नाटक शेवटचं एकदा करायचं, गावातल्या जुन्या चर्चच्या हॉलमध्ये, आणि यंदा खुर्च्या सात. सातवी माझ्या आईची. “रोज संध्याकाळी तू तिच्याबद्दल बोलतेस. मी तिला ओळखते आता,” त्या म्हणाल्या. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

कारण माझी आई हौसाबाई सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात आया होती. फरशी पुसायची, भांडी द्यायची, घाण कपडे उचलायची, जन्मलेलं मूल पुसून गुंडाळून बाहेर नातेवाइकांच्या हातात द्यायची. आणि मी इथे आल्या-आल्या, विद्यापीठातल्या चहाच्या वेळी, पुण्याची प्राची मला विचारत होती, “तुझे आईबाबा काय करतात गं?” तिचे वडील इंजिनिअर, आई बँकेत. मी म्हटलं, बाबा नाहीत, आई हॉस्पिटलमध्ये असते. “अय्या, डॉक्टर?” मी म्हटलं, “नाही, नर्स.” एवढंच. डॉक्टर नाही म्हणाले म्हणून मला वाटलं, मी प्रामाणिक आहे. मग तेच प्राध्यापकांना, तेच मिस व्हर्नेलना. मला आईची लाज वाटत होती का? आज इतक्या वर्षांनी उत्तर द्यायचं तर, हो, वाटत होती. तिच्या जिवावर शिकलेल्या मुलीला तिच्या फडक्याची लाज वाटत होती. हे लिहिताना मान खाली जाते, पण लिहिलंच पाहिजे.

एका शनिवारी घरी आले तर सातवी खुर्ची मांडलेली. तिच्यावर जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलेली नर्सची पांढरी कडक टोपी. “कशी आहे?” मिस व्हर्नेलनी विचारलं. मी म्हटलं, “छान.” दुसऱ्या दिवशी रविवार होता. आईला वाचून दाखवायचा दिवस.

आमचे दुपारचे तीन वाजले की तिकडे सकाळचे साडेआठ. आई दर रविवारी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये येऊन बसायची आणि मी फोनचं कार्ड वापरून तिथे फोन लावायचे. मिस व्हर्नेलच्या फोनला स्पीकर होता. त्यांनी इंग्रजीत वाचायचं, मी मराठीत सांगायचं, असं ठरलं. रात्रीच मी मनाशी हिशेब केला होता. आईला इंग्रजी येत नाही, यांना मराठी येत नाही, मधला पूल मी. इकडचं थोडं गाळलं तर कुणाला कळणार आहे?

“आई, ह्या मिस व्हर्नेल. तुझ्यावर नाटक लिहिलंय त्यांनी.”

“माझ्यावर? त्यांना दुसरं कोन गावलं न्हाई?” आई हसली. “वाचा म्हनावं.”

मिस व्हर्नेल ताठ बसल्या, चष्मा लावला आणि वाचू लागल्या. मी या वॉर्डातली नर्स आहे. सकाळी टोपी घालते, तेव्हा बाळंतिणी म्हणतात, नर्स आली, आता भीती नाही. असं बरंच सुंदर होतं ते. त्या थांबल्या. मी म्हटलं, “आई, त्या म्हणतात, तू वॉर्डात आलीस की बायकांना धीर येतो.”

पलीकडे रस्त्यावर सायकलची घंटी वाजली.

“मंगल, बाई नर्स म्हनाल्या. दोनदा म्हनाल्या. नर्स कोन?”

तो शब्द आई वीस वर्षं रोज ऐकत होती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

“आई, ते मी नंतर सांगते.”

“मी व्हय?” आई म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. वॉर्डात गर्दी करणाऱ्या नातेवाइकांना बाहेर काढतानाचा आवाज. “तू त्यांना सरळ सांग. मी नर्स न्हाई, मी आया हाय. नर्सबाईंनी शिकून ती टोपी घातलीया, ती मी कशाला घालू? आन् त्यांना माझं लिवायचंच असंल तर एकच लिवा म्हनावं. मी फरशी पुसते. दिवसातनं चार येळा. पुसली की डॉक्टर चालतो, नातेवाईक चालत्यात, चपला घालून. वाळेस्तोवर कुनी थांबत न्हाई. वीस वर्षांत एकबी थांबला न्हाई. ते लिवा.”

मिस व्हर्नेल माझ्याकडे पाहत होत्या. “तुझी आई पुष्कळ बोलली,” त्या म्हणाल्या. “मला ते सगळं हवं.”

मी सांगितलं. एकेक वाक्य. आया म्हणजे काय तेही सांगितलं. माझा आवाज फुटत होता आणि आई पलीकडून म्हणत होती, “रडू नगंस, कारड संपतंय.”

फोन ठेवल्यावर मिस व्हर्नेलनी खुर्चीवरची टोपी उचलली आणि खणात ठेवली. “मी तुझ्या आईला दुसरीचे कपडे चढवत होते आणि तू बघत बसलीस,” त्या म्हणाल्या. मग त्या भांडी घासायला गेल्या. मी पुसायला उभी राहिले. बऱ्याच वेळानं, बशीकडे बघत त्यांनी नियमाची गोष्ट सांगितली. त्यांची आई चर्चची टोपी घालून शिकागोला नाटक बघायला आली होती, पहिल्या रांगेत. मंचावर लेक तिची चाल चालली, तिचं गाऱ्हाणं बोलली, लोक हसले, रडले, उभे राहिले. नंतर आई म्हणाली, ‘चाल बरोबर जमली तुला. पण ती माझी होती. मागितली असतीस तर दिली असती.’ “त्यानंतर ती पुन्हा कधी आली नाही माझ्या नाटकाला,” मिस व्हर्नेल म्हणाल्या. “तुझी आई फोनवर आहे अजून. पुढच्या रविवारी मागू.”

पुढच्या रविवारी त्यांनी मागितलं. आईनं एका क्षणात दिलं आणि वर शिकवणी सुरू केली. मूल कसं गुंडाळायचं, डोकं आधी, मग डावी बाजू, पाय सरळ करून वर दुमडायचं. मिस व्हर्नेलनी एक हिरवा भोपळा टॉवेलात गुंडाळला. “घट्ट झालं का विचार,” त्या म्हणाल्या. आई म्हणाली, “पोरगं रडतंय का?” मी म्हटलं, “भोपळा आहे आई.” “मग न्हाई रडायचं. सैल कर म्हनावं जरा.” फरशी पुसायचं शिकायला दोन रविवार गेले. दोन्ही हातांनी फडकं कसं पिळायचं, मागे कसं सरकायचं, आपलंच पाऊल ओल्यावर पडू द्यायचं नाही. सत्तरीची बाई दिवाणखान्यात गुडघ्यावर, आणि सात समुद्रापलीकडून आई सांगतेय, “कंबर धरंल, बाईंना म्हनावं मधी बसा.” त्या दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. तिसऱ्या रविवारी माझी गरज फक्त फोन लावण्यापुरती उरली. महिन्याभरात आईकडून पार्सल आलं. जुन्या सुती लुगड्याचं दुपटं, शंभरदा धुतलेलं, लोण्यासारखं मऊ.

मग मिस व्हर्नेलनी मला कार्यक्रमाचा कागद टाइप करायला दिला. “सातवी ओळ तू लिहायचीस. मी वाचणारसुद्धा नाही.” विद्यापीठाच्या संगणकासमोर मी बराच वेळ बसले. मग टाइप केलं: सातवी खुर्ची. हौसाबाई. सरकारी दवाखान्यातली आया. इचलकरंजी. आणि माझ्या विभागाच्या फलकावर स्वतःच्या हातानं तो लावला.

प्राचीनं तो तिथेच वाचला. “अगं, तुझी आई नर्स आहे ना?”

“नाही. आया आहे. मी खोटं बोलले होते.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “ओके,” ती म्हणाली. थोड्या वेळानं परत आली. “तिकिटं आहेत का अजून? दोन दे.” आम्ही आजतागायत मैत्रिणी आहोत.

तो हॉल मी अजून विसरले नाही. मंच असा नव्हताच, खुर्च्यांच्या रांगांसमोरची लाकडी जमीन हाच मंच, आणि बाहेर जायचं दार त्या जमिनीच्या पलीकडे. सहा खुर्च्या झाल्या. सातवीशी आल्यावर मिस व्हर्नेलनी दुपटं उचललं, रिकाम्या हातात मूल गुंडाळलं आणि पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याच्या हातात दिलं. त्यानं ते दोन्ही हातांनी, डोकं सांभाळून घेतलं. नुसतं कापड होतं ते. मग त्यांनी बादली आणली, खरं पाणी, आणि सगळी जमीन पुसली. मागे सरकत, आईसारखं. सात-आठ मिनिटं एकही शब्द नाही, फक्त फडक्याचा आवाज. शेवटी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “वीस वर्षांत एकही थांबला नाही.” आणि दिवे लागले.

टाळ्या झाल्या, लोक उभे राहिले. मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं, की बाहेर जायला त्या ओल्या जमिनीवरून जावं लागणार. कुणी हलेना. कुणीतरी हसलं, मग हसू थांबलं. दुपटं हातात घेतलेला तो म्हातारा, पोरिरुआहून नातीकडे आलेला एक माओरी गृहस्थ, खाली बसला. लोक बसले. कुणी चॉकलेट काढलं, कुणी शेजाऱ्याशी बोलायला लागलं. माझे प्राध्यापक घड्याळ न बघता बसले होते. बऱ्याच वेळानं त्या आजोबांनी बूट काढले, हातात घेतले, जमिनीला तळवा लावून ती वाळल्याची खात्री केली आणि तरीही भिंतीच्या कडेकडेनं निघाले. त्यांच्यामागे सगळे, बूट हातात. हौसाबाईंची मुलगी मीच, हे त्यांना कुणीतरी सांगितलं असावं; माझ्याजवळ आल्यावर त्यांनी दुपटं घडी करून माझ्या हातात दिलं. “किया ओरा. आईला सांग,” एवढंच म्हणाले. किया ओरा म्हणजे माओरीत नमस्कारही आणि आभारही.

मी पुढे ऑकलंडमधल्या पेनरोजच्या कारखान्यात नोकरी केली, बिस्किटांच्या प्रयोगशाळेची प्रमुख झाले, घर केलं. मिस व्हर्नेल मला ऑकलंडला चवळी पाठवत राहिल्या, शेवटपर्यंत. माझं काही चांगलं झालं असेल तर ते या दोन बायकांनी, एकमेकींना न बघता, मला वाटून घेतलं म्हणून. आता पोरिरुआत मुलीजवळ राहते. मॉलमध्ये ओल्या फरशीची पिवळी पाटी दिसली की मी थांबते. मुलगी म्हणते, “आई, इट्स फाइन, जस्ट वॉक.” तिला ही गोष्ट नीट सांगितली नव्हती, म्हणून लिहून ठेवते आहे.

नाटकानंतरच्या रविवारी आईला सगळं सांगितलं. टाळ्यांचं, दुपट्याचं, प्राचीचं. ती ‘व्हय, व्हय’ करत ऐकत होती. टाळ्यांचं तिला काही विशेष वाटलं नसावं.

“ते ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “फरशी वाळेस्तोवर थांबले का?”

“थांबले, आई. सगळे.”

बूथवाल्यानं काहीतरी विचारलं असावं, कारण रिसीव्हर थोडा लांब धरून ती त्याला सांगताना मला ऐकू आलं, “माझ्या लेकीचा फोन हाय. तिकडं लोक थांबले म्हनं.”